डोनलच्या कुरणातली पूररेषा

माझं काम म्हणजे जिथे पाणी नाही तिथे पाणी रंगवणं. नकाशावर. कोरड्या कुरणात, कुणाच्या परसात, क्वचित कुणाच्या माजघरात निळा रंग भरायचा आणि खाली लिहायचं, की फार मोठा पूर आला तर पाणी इथवर येईल. अठरा वर्षं हे करते आहे, तरी कराडला आमच्या घरी ते अजून कुणाला पटवता आलेलं नाही. वडील एसटीच्या डेपोत टायर बदलायचे. ते शेजारीपाजारी सांगतात, पोरगी परदेशात धरणं बांधते. मी म्हटलं, अण्णा, मी एक वीटसुद्धा लावत नाही. तर म्हणाले, धरणाला विटा नसतातच, एवढं मला कळतं.

आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. पण त्या पदवीबरोबर एक बिनपगारी नोकरीही लागते. लाइटबिल वाढून आलं, सातबाऱ्यावर नको ते नाव लागलं, दवाखान्यातून रिपोर्ट आला, की कागद माझ्यापुढे. मोठे मामा तर चपला न काढता दारातच उभे राहायचे. कागदात काय लिहिलंय ते त्यांना नकोच असायचं. "काळजीचं हाय का न्हाई, तेवढं सांग," म्हणायचे. आणि मी सांगायचे. एकोणिसाव्या वर्षापासून सांगत आले. कळलं तरी सांगायचे, अर्धवट कळलं तरी सांगायचे. ही सवय माझ्या धंद्याला किती घातक आहे, ते आयर्लंडमध्ये कळलं.

आधी धंदा सांगते. वीज तयार करणाऱ्या धरणाला परवाना असतो, त्याला मुदत असते, आणि मुदत संपली की नूतनीकरणासाठी पुन्हा सगळे कागद मांडावे लागतात. नदी तीच, भिंत तीच, पण मधल्या काळात काठावर घरं आलेली असतात, मासे कमी झालेले असतात, कायदे बदललेले असतात. मग पाण्याची हद्द कुठवर, कुणाची जमीन त्यात येते, हे नव्याने दाखवायचं. पुण्यात हडपसरच्या एका ऑफिसात बसून मी अमेरिकेतल्या धरणांचं हेच काम सात वर्षं केलं. एका तलावाच्या काठच्या शेकडो बोटीच्या धक्क्यांना मी क्रमांक दिले होते. कुणाचा धक्का मोडका आहे, कुणी परवानगी न घेता छप्पर घातलंय, मला पाठ होतं. तोवर मी स्वतः मात्र एकदाही होडीत बसले नव्हते.

नंतर नवऱ्याला, मिलिंदला, इथे औषधांच्या कारखान्यात नोकरी मिळाली. आम्ही डब्लिनजवळ सिटीवेस्टला राहायला आलो आणि मला एका छोट्या सल्लागार कंपनीत काम लागलं. २०२०च्या शरद ऋतूत आमच्याकडे एक जुनं, लहान, खासगी धरण आलं. नदीचं नाव सांगत नाही. ॲथलोनच्या पश्चिमेला आहे, एवढं पुरे. परवाना संपत आलेला, आणि कोविडमुळे घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी. म्हणजे शंभरावर किलोमीटर दूरची, कधी न पाहिलेली नदी मी जेवणाच्या टेबलावर मांडून बसले. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मिलिंदच्या मीटिंगा. त्याच्या गोळ्यांच्या मशिनी आणि माझे पूर एकाच वेळी चालायचे.

माझ्याकडे तीन गोष्टी होत्या. एक, विमानातून लेझरने मोजलेली जमिनीची उंची; हे विमान टाळेबंदीच्या जरा आधी उडून गेलं होतं. दोन, धरणाचा जुना आराखडा. तीन, टाइप केलेली एक यादी, झेरॉक्सची झेरॉक्स, त्यात नेहमीची पाण्याची पातळी आणि मोठ्या पुराची पातळी मीटरमध्ये दिलेली. काम सोपं. यादीतली पुराची पातळी घ्यायची, विमानाने मोजलेल्या जमिनीवर ठेवायची, जी जमीन त्याच्या खाली ती निळी. निळ्याच्या कडेने जी रेघ जाते ती पूररेषा. त्या रेघेच्या आत असलेलं घर कुणी पाडत नाही. पण आत नवं घर बांधायला परवानगी मिळत नाही.

नकाशा लोकांना पाहण्यासाठी ठेवला आणि एक पत्र आलं. हाताने लिहिलेलं, स्कॅन करून माझा साहेब शेन याने मला पाठवलं. "आपला माणूस नाराज आहे," एवढंच त्याने वर लिहिलं होतं. इथे ज्याच्याबद्दल बोलायचं तो ओळखीचा नसला तरी 'आपला माणूस' असतो, हे कळायला मला वर्ष लागलं होतं.

पत्र लिहिणारा डोनल, सत्तरीचा, एकटा राहणारा. त्याने लिहिलं होतं, "तुमच्या नकाशात माझं स्वयंपाकघर पाण्यात आहे. मी हे पत्र तिथेच बसून लिहितो आहे. पाय कोरडे आहेत." पुढे लिहिलं होतं, की त्याच्या वडिलांच्या हयातीतला सगळ्यात मोठा पूर खालच्या फाटकाच्या दुसऱ्या आडव्या दांडीपाशी थांबला. घराखालच्या कुरणात त्याची मुलगी ईफा घर बांधणार आहे. ती ॲथलोनला दोन लहान मुलांना घेऊन भाड्याच्या जागेत राहते. तुमच्या या रेघेमुळे तिला परवानगी मिळणार नाही, तेव्हा ती रेघ कुठून आली ते कृपा करून सांगावं.

कुठून आली, हा प्रश्न मी मनावर घेतला.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. उंची म्हणजे कशापासून उंची? आयर्लंडमध्ये शून्यं दोन आहेत. जुन्या नकाशांचं शून्य म्हणजे डब्लिनच्या उपसागरातली ओहोटीची खालची पातळी. नव्या नकाशांचं शून्य म्हणजे उत्तरेच्या टोकाला, मालिन हेडला, काढलेली समुद्राची सरासरी पातळी. दोन्हींत पावणेतीन मीटरच्या आसपास फरक. एकच पायरी जुन्या शून्यावरून मोजली तर आकडा मोठा, नव्यावरून मोजली तर लहान. विमानाची मोजणी नव्या शून्यावर होती. जुन्या आराखड्याच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, जुनं शून्य लिहिलेलं होतं. आणि ज्या यादीतून मी पुराचा आकडा उचलला होता, तिच्यावर शून्याचा पत्ताच नव्हता.

मी पेन्सिलीने पायऱ्या काढल्या, त्यावर दोन शून्यं काढली, बाण काढले. मिलिंदने म्यूट करून विचारलं, "अगं, हे काय, सापशिडी?" मी म्हटलं, शिडी असेल तर बरं. दोन दिवस उलटसुलट विचार केला. वजा करायचं की मिळवायचं, तेही एकदा चुकले. शेवटी ठरवलं, की यादी आराखड्याच्याच फाइलमध्ये होती, म्हणजे तीही जुन्या शून्यावरचीच. आकड्यातून पावणेतीन मीटर वजा केले. पाणी खाली उतरलं. डोनलचं स्वयंपाकघर कोरडं झालं, कुरण कोरडं झालं, आणि रेघ जाऊन बसली बरोबर खालच्या फाटकापाशी. त्याच्या वडिलांच्या दुसऱ्या दांडीपाशी.

त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मी लपवत नाही. विमान, आराखडा आणि म्हाताऱ्याची आठवण, तिन्ही जुळत होती. शेनने नवा नकाशा घेतला. धरणाचे मालक खूश झाले, कारण त्यांच्या पाण्याखाली कमी लोकांची जमीन येत होती. सगळेच खूश. असं सहसा होत नाही, याचीसुद्धा मला शंका यायला हवी होती.

लोकांना उत्तर फक्त शेनकडून, लेखी, सगळं पक्कं झाल्यावर जातं. हा नियम मला ठाऊक होता. पण पत्राखाली डोनलचा फोन नंबर होता आणि जानेवारी महिना होता. बाहेर चार वाजता अंधार, बातम्यांत रोज आकडे. मला वाटलं, या एका माणसाची तरी काळजी मिटू दे. फोन लावला.

मी कोण ते सांगितलं आणि म्हटलं, "तुमचं घर कोरडं आहे. काळजीचं काही नाही."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "आणि कुरण?"

"कुरणही."

"सगळं?"

"सगळं."

"तू फार भली बाई आहेस," तो म्हणाला. मग मी कुठली, तिकडे थंडी असते का, घरी सगळे बरे आहेत का, हे सगळं त्याने विचारलं. फोन ठेवला तेव्हा मोठ्या मामांना चहा पाजून वाटेला लावल्यासारखं वाटलं.

मे महिन्यात प्रवासाची बंदी उठली. नकाशा परवाना देणाऱ्या नियामकाकडे जाण्याआधी जागेवर काही उंच्या तपासायच्या होत्या. मी जीपीएसची काठी गाडीत टाकून निघाले. सात महिने जी नदी टेबलावर पसरली होती ती पहिल्यांदा पाहिली आणि ओळखूच आली नाही. नकाशात इतकी स्वच्छ होती, इथे नुसते बोरू आणि चिखल. धरण तर एवढंसं, की दोनदा समोरून गेले तरी दिसलं नाही.

धरणावर मायकेल होता. बत्तीस वर्षं दारं उघडणं-मिटणं आणि पातळी लिहून ठेवणं हे त्याचं काम. नकाशाच्या कामात त्याचं नाव मी अनेकदा वाचलं होतं. तो ईमेल बघत नाही, फोन कचेरीतल्या भिंतीवर आणि तो बाहेर, असं मला सांगितलं होतं. मीही मग दोनदा लावून सोडून दिला होता. त्याने दार सताड उघडं ठेवून चहा केला आणि मला दूर खिडकीपाशी बसवलं. मी सहज विचारलं, विमान उडालं त्या दिवसाची पातळी लिहिलेली असेल का? त्याने प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, रजिस्टर काढलं. तारीख होती. आकडाही होता.

विमानाने त्या दिवशी तलावाच्या पाण्याची जी उंची मोजली होती ती मला पाठ होती. मायकेलचा आकडा तोच होता. दोन बोटांचाही फरक नाही.

त्याची मोजपट्टी जुन्या शून्यावर असती, तर त्याचा आकडा पावणेतीन मीटरने मोठा यायला हवा होता. मी म्हटलं, ही पट्टी कशावर लावली आहे?

"मालिनवर," तो म्हणाला. "जुनी कुजली होती. ही मीच बसवली, सर्व्हेवाले आले तेव्हा. लग्न झालं त्या वर्षी. जुनी यादीसुद्धा तेव्हाच बदलून टाइप केली त्यांनी."

"ही यादी?" मी फोनवर दाखवली.

"हीच ती. ई अक्षर तुटलेलं बघ. आमच्या कचेरीतलं मशीन."

"हे कुणालाच कसं माहीत नाही?"

"कुणी विचारलं नाही," मायकेल म्हणाला.

यादी आधीच नव्या शून्यावर आणलेली होती. तिच्यातून मी पुन्हा एकदा पावणेतीन मीटर काढून टाकले होते. इथे जुने आकडे फुटात आणि नवे मीटरमध्ये, हे धंद्यातल्या नवशिक्यालाही कळतं. यादी मीटरमध्ये होती. ते बघूनच मी थांबायला हवं होतं. पण तोवर माझ्यापुढे यादी नव्हतीच. दारात उभा असलेला माणूस होता.

तरी मी सहजासहजी मानलं नाही. काठी घेऊन पट्टीच्या पायथ्याशी चिखलात उतरले, तीनदा मोजलं. आकडे हलले नाहीत. मग गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून पुन्हा तीच सापशिडी काढली. डोनलच्या वडिलांचा पूर खरा होता, फाटकापाशी थांबलाही होता. पण माझ्या नकाशातला पूर त्याहून मोठा, दोन-तीन पिढ्यांत कदाचित कुणाला दिसणारही नाही असा. तो यायचा झाला तर कुरण भरून स्वयंपाकघरात येणार होता. पहिला नकाशा बरोबर होता. दुसरा, ज्यावर सगळे खूश होते, तो चूक. आणि त्या चुकीच्या नकाशावर विसंबून ईफा सखल कुरणात दोन मुलांचं घर बांधणार होती.

शेनला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तिसरा नकाशा," तो म्हणाला.

"पहिलाच. पुन्हा."

"दुसऱ्यावर सगळे खूश आहेत, हे तुला माहीत आहे ना?"

"मी नाही."

"बरं. मालकांशी मी बोलतो." मग विचारलं, "अजून काही आहे का?"

मी फोनचं सांगितलं. जानेवारीतला. तो चिडला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. "तो फोन तुझं काम नव्हतं," म्हणाला. मी म्हटलं, ठाऊक आहे. "आता तिकडे जाणं हेही तुझं काम नाही." मी म्हटलं, तेही ठाऊक आहे. शेन म्हणाला, मग मी काही ऐकलं नाही.

डोनल फाटकापाशीच होता. खालच्याच. उंच, वाकलेला, टोपी घातलेला. त्याच्यामागे कुरणात चार खुंट्या ठोकून त्यांना निळी सुतळी बांधलेली होती. ईफाच्या घराचा आकार. ती स्वतःही आली होती, शनिवार होता. फोनवरची ती मीच, हे कळल्यावर डोनलने हात पुढे केला, मग नियम आठवून मागे घेतला आणि कोपर पुढे केलं. मी कोपर लावलं आणि तिथेच, आत न जाता, सांगून टाकलं. माझी चूक झाली. कुरण पुरात येतं. सगळं.

ईफा म्हणाली, "जानेवारीत कोरडं होतं ना?"

"मी चुकीचं सांगितलं."

"मी घरमालकाला कळवून बसले आहे. ऑगस्टमध्ये घर सोडतोय, बांधून होईपर्यंत डॅडीकडे राहतोय म्हणून. आराखडे झालेत. मुलांनी खोल्या वाटून घेतल्यात, त्या सुतळीत उभं राहून भांडतात." तिचा आवाज चढला नाही. "चूक म्हणजे काय? नक्की काय चुकलं?"

मी दोन शून्यांचं सांगायला लागले. ओहोटीचं शून्य, सरासरीचं शून्य, वजा, मिळवा. माझं मलाच ऐकू येत होतं, की हे कुणाला समजण्यासारखं नाही. डोनलने मात्र मान हलवत शेवटपर्यंत ऐकलं. मग त्याने विचारलं, "माझ्या घरातून ती रेघ कुठून जाते?"

"स्वयंपाकघर आणि झोपायची खोली यांच्यामधून."

"म्हणजे जेवायचं पाण्यात आणि झोपायचं कोरड्यात," तो म्हणाला. "चालेल. उलटं असतं तर कठीण होतं."

मला हसू येईना. ईफाला तर नाहीच. ती बापाला म्हणाली, "डॅडी, प्लीज." त्याने टोपी काढून पुन्हा घातली.

"दाखव," ईफा मला म्हणाली. "कागदावर नको. इथे दाखव."

मी काठी आणली. रेघेची उंची स्क्रीनवर धरायची आणि जिथे जमीन त्या उंचीला येते तिथे थांबायचं, पुढे सरकायचं, पुन्हा थांबायचं. ईफाने स्वतःच्या घराच्या चार खुंट्या उपटल्या आणि त्याच घेऊन माझ्यामागे आली. मी थांबले की ती ठोकायची. तीन ठोकल्यावर चौथी तिने हातातच ठेवली, तेव्हा डोनलने कुंपणातल्या फांद्या तोडून दिल्या. अठरा वर्षांत इतक्या रेघा काढल्या, पण रेघेवरून चालले पहिल्यांदाच. घराच्या भिंतीपाशी आल्यावर मला वळावं लागलं. डोनल म्हणाला, आत ये, रेघ आत जाते तर तूही ये. मी गेले नाही.

तासाभराने कुरण पालथं घालून झालं. त्यातलं रेघेबाहेर काही उरलं नाही. फक्त वर, रस्त्याच्या कडेला, काटेरी झुडपांखाली एक अरुंद पट्टा होता. डोनल म्हणाला, तिथे पश्चिमेचा वारा उभा राहू देत नाही, गाईसुद्धा बसत नाहीत. आम्ही तिघंही वर गेलो. खरंच वारा होता. रेघेच्या शेवटच्या फांदीपासून थोडं वर मी थांबले.

ईफाने विचारलं, "इथे कोरडं आहे?"

"रेघेच्या वर आहे."

"किती वर?"

"कमरेइतकं."

"जानेवारीतलं कुरण किती वर होतं?"

मी आकडा सांगायला तोंड उघडलं.

"आकडा नको," ती म्हणाली. "तू तुझी मुलं इथे झोपवशील का? एवढंच सांग."

डोनल लांब बघत होता. मी स्क्रीनकडे पाहिलं. स्क्रीन म्हणत होती, इथे चालेल. मी मायकेलचं रजिस्टर आठवलं, तीनदा मोजलेली पट्टी आठवली. सगळं बरोबर होतं. मग मी काठी मिटली आणि चढावर चालायला लागले. वीस पावलं असतील. झुडपांना पाठ लागली, केस तोंडावर आले, तेव्हा वळून खाली पाहिलं. ईफा माझ्यामागेच होती, शेवटची खुंटी हातात घेऊन.

"इथे झोपवेन," मी म्हटलं.

तिने खुंटी ठोकली. जमीन कडक होती, वेळ लागला.

तिसरा नकाशा पुढच्या आठवड्यात नियामकाकडे गेला. त्यात रेघ जिथे असायला हवी तिथेच आहे. ती वीस पावलं त्यात नाहीत.